भाचीचं गाणं, पियानो आणि कॅम्पातला कौलारू हॉल: रेकॉर्डिंग कसं करावं?

तिसरं_गेट

मंडळी, सल्ला हवाय, आणि जरा घाईत हवाय.

माझी भाची लहानपणी इथेच बेळगावच्या शहापुरात ख्याल शिकली. बारावीनंतर गोव्याला गेली आणि तिकडे पाश्चात्त्य पद्धतीच्या गाण्याला लागली. सोप्रानो आहे, म्हणजे बायकांतला सगळ्यात उंच गळा. डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी तिची बेळगावात मैफल आहे. पूर्वार्धात शुबर्ट आणि मंडळींची जर्मन गाणी, उत्तरार्धात तीन नाट्यपदं. साथीला फक्त पियानो, दोन्हीकडे. तबला नाही, पेटी नाही. वाजवणारे सर गोव्याहून येणार आहेत.

हे रेकॉर्डिंग तिला बाहेरच्या एका संगीत विद्यालयात प्रवेशासाठी पाठवायचंय. अट अशी की गाणं एका दमात म्हटलेलं हवं, कापाकापी चालणार नाही.

हॉल कॅम्पातल्या (लष्करी छावणीतल्या) एका जुन्या शाळेचा. वर मंगळुरी कौलं, खाली शहाबादी फरशी, दोन्ही बाजूंना उंच खिडक्या, दीडशे खुर्च्या. स्टेजवर बेबी ग्रँड पियानो. मधोमध उभं राहून टाळी वाजवली की भिंतीभिंतीत 'टर्रर्र' असा आवाज फिरतो.

माझ्याकडे झूम एच५ रेकॉर्डर आहे, मित्राचे दोन छोटे कंडेन्सर माईक (कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारे) आणि एक उंच स्टँड. साउंडवाला म्हणाला, "साहेब, बाईंच्या हातात एक माईक द्या, एक पियानोत टाका, इको मी देतो." मी मान डोलावून आलो, पण तेव्हापासून झोप नाही.

प्रश्न: एक माईक गळ्याला आणि एक पियानोला, की दोन्ही लांब? आणि दहा हजारात आणखी एखादा माईक घ्यावा का?

कुंदाप्रेमी

हॉल मिळाला हेच नवल. डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, तेव्हा बेळगावात लॉजची खोली मिळत नाही, गाडी मिळत नाही, रस्त्याला सायरन. गोव्याच्या सरांची सोय आधी करा, माईकचं नंतर बघू.

पायपेटीवाला

मी आधीच सांगतो, मी विरोधी पक्ष.

जर्मन गाणी पियानोवर, मान्य. ती त्याच्यासाठीच लिहिलेली. पण नाट्यपद? पियानोला मींड नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. सूर दाबला की तो मरायलाच लागतो. पेटीवर निदान भाता मारून धरून ठेवता येतो. त्यात तो सगळा समान अंतरांत कापलेला. तुमची भाची ख्यालात शिकलेली आहे म्हणता, म्हणजे कान तयार असणार. तिचा गंधार एकीकडे आणि पियानोचा दुसरीकडे. माईक कितीही भारी घ्या, तो भांडणच टिपणार.

निपाणी_एक्स्प्रेस

पेटीवाल्याने पियानोला सुराचा दोष द्यावा म्हणजे कमाल झाली. याच कारणावरून रेडिओने १९४० साली पेटीला घराबाहेर काढलं होतं ना? १९७१पर्यंत.

पायपेटीवाला

काढलं होतं. म्हणूनच मला ठाऊक आहे की दोष कुठे असतो. ज्याचं जळतं त्याला कळतं.

खानापूरकर

सीमाप्रश्न १९५६चा, पेटीचा प्रश्न १९४०चा. पेटी सीनियर आहे, तिला आधी बोलू द्या.

डेसिबल_काका

गेट, साउंडवाल्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. वाईट माणूस नसेल, पण त्याचं काम लोकांना ऐकू जावं हे. तुमचं काम वेगळं आहे. दीडशे खुर्च्यांच्या कौलारू हॉलमध्ये सोप्रानोला माईक लागत नाही, पियानोला तर नाहीच. शिकलेला गळा पूर्ण उघडला की एका मीटरवर १०० डेसिबलच्या घरात जातो.

आता तुमचा प्रश्न. दोन्ही माईक जोडीने लांब ठेवा. एकाच स्टँडवर आडवी पट्टी, दोन्ही कॅप्सूलमध्ये १७ सेंटिमीटर (वितीपेक्षा थोडं कमी), तोंडं बाहेरच्या बाजूला फाकलेली, मधला कोन ११० अंश. फ्रेंच रेडिओवाल्यांची रीत आहे, ओआरटीएफ म्हणतात. गायिकेपासून अडीच मीटरवर, उंची सव्वादोन मीटरच्या आसपास. ही फक्त सुरुवात. तिथे उभं करा, हेडफोन लावा, आणि मग हलवायला लागा.

हलवायचं काय, हे महत्त्वाचं. गळा मागे वाटला तर भाचीला पियानोच्या खोबणीतून (बाजूच्या आत वळलेल्या जागेतून) एक पाऊल पुढे घ्या. पियानो अंगावर येत असेल तर झाकणाची छोटी काठी लावून बघा, पण झाकण खाली आलं की आवाजाची चमकही जाते, म्हणून आधी माणूस हलवा आणि मग झाकण. स्टँड फूटभर वर नेला की मागचा पियानो उघडा होतो, खाली आणला की गळा पुढे येतो. हे सगळं गाणं सुरू व्हायच्या आधी करायचं असतं. एकदा जोडीने टिपलं की नंतर घरी बसून गळा आणि पियानो वेगळे करता येत नाहीत.

लेव्हल: जोरातला जोर गाऊन घ्या, शिखर उणे १२ डेसिबलला ठेवा. २४ बिट लावा म्हणजे खाली भरपूर जागा राहते. ऑटो लेव्हल बंद. लो-कट बंद, कारण पियानोचा शेवटचा खालचा सूर २७.५ हर्ट्झचा असतो आणि ते बटण त्याचं बूड कापतं.

नवीन माईक घेऊ नका. त्या दहा हजारांतल्या थोड्या पैशांत दुसरा उंच स्टँड आणि वाळूची पिशवी घ्या. पहिला स्टँड पोरं पाडणार आहेत.

तिसरं_गेट

काका, दंडवत. तीन शंका. १) त्या 'टर्रर्र'चं काय? २) प्रेक्षक आल्यावर सगळं बदलेल ना? ३) कुणी खोकलं तर?

डेसिबल_काका

१) समोरासमोरच्या सपाट भिंतींत आवाज चेंडूसारखा उडतो, म्हणून तो टर्रर्र. एका बाजूच्या खिडक्यांवर घोंगडी टांगा. खरीखुरी, जाड, लोकरीची. दोन्ही बाजू झाकू नका, हॉलचा जीव जाईल. स्टेजसमोर फरशीवर जाजम.

२) बदलेल. माणसं आवाज पितात, त्यात थंडीत शाली-स्वेटर. हॉल कोरडा होईल. तालमीत थोडा जास्त घुमतोय असं वाटलं तर तसंच राहू द्या.

३) खोकणारच. म्हणून शनिवारी रिकाम्या हॉलमध्ये पूर्ण कार्यक्रम एकदा करून घ्या. तेही रेकॉर्डिंगच समजा. अट एका दमात गाण्याची आहे, प्रेक्षकांसमोर गाण्याची नाही.

निपाणी_एक्स्प्रेस

काकांशी पूर्ण असहमत, आदर राखून. मी बारा वर्षं स्टुडिओ चालवतोय. आज ऐकणारा मोबाईलवर ऐकतो. लांबून टिपलेला गळा त्याला 'विहिरीतून आल्यासारखा' वाटतो. गळ्याला दोन फुटांवर एक, पियानोत दोन, आणि हॉलचा घुमारा नंतर सॉफ्टवेअरमधून. सगळं हातात राहतं. भाचीचा एखादा सूर दबला तर वर काढता येतो.

डेसिबल_काका

निपाणी, तुमच्या भक्तिगीतांच्या कामाला तेच बरोबर, मी ऐकलंय, छान असतं. पण इथे ती पियानोच्या खोबणीत उभी आहे, प्रेक्षकांकडे तोंड करून. गळ्यासमोरचा माईक बघतो कुणाकडे? तिच्याकडे, आणि तिच्या पाठीमागे उघडलेल्या झाकणाकडे. म्हणजे गळ्याच्या ट्रॅकवर पियानो अर्धामुर्धा येणारच. तो सूर वर काढायला गेलात की पियानोही वर येईल. आणि त्यांच्याकडे माईक दोन आहेत, तीन नाहीत.

एक तोडगा मात्र आहे. शनिवारी प्रेक्षक नसतील तेव्हा तिला वळवा. ती पियानोकडे तोंड करून उभी राहू दे, दोन-तीन मीटरवर. मधला माईक तिच्याकडे तोंड करून, पियानोकडे पाठ. कार्डिऑइड पाठीमागचं कमी ऐकतो, त्यामुळे पियानो आपोआप दबतो. बाहेर गाणी अशी बरीच टिपतात. तिचं आणि सरांचं एकमेकांकडे लक्षही राहतं.

सानिका_धारवाड

मी गाते (ख्याल, हौशी नव्हे पण पोटापुरतीही नव्हे), म्हणून गाणाऱ्याच्या बाजूचं लिहिते.

दोन फुटांवर माईक दिसला की गळा आपोआप लहान होतो. माईकसाठी गायला लागतो आपण, हॉलसाठी नाही. डोक्याच्या वर असलेली जोडी पाच मिनिटांत विसरायला होते. तेव्हा मी काकांच्या पक्षात.

पण वळवण्याबद्दल तिला आधी विचारा हो! आयुष्यभर समोर बघून गायची सवय, आणि आयत्या वेळी भिंतीकडे तोंड. माझं असंच एकदा झालं होतं, कुठे ते सांगत नाही. पहिली दहा मिनिटं आवाज परत येतोय की नाही तेच कळेना.

आणि मामा, तालमीला पंखे बंद ठेवा. तिच्या पाण्याची बाटली स्टीलची नको, ठेवताना टण्ण होते.

खानापूरकर

काय सांगूलैस गा गेट, लाइटचा विचार केलास की नाही? आमच्याकडे एका गावात भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग केलेलं. लाइट गेली, जनरेटर लावला, आणि पुढचा अर्धा तास अभंगाच्या खाली 'हूंऽऽऽ' असा ५० हर्ट्झचा दुसरा गवई. बुवा म्हणाले, तानपुरा चांगला लागलाय.

झूमला हॉलच्या बोर्डावरून वीज देऊच नको. पॉवर बँक लाव. सेलवर भरवसा ठेवू नको, माईकना ४८ व्होल्ट फँटम (वायरीतून जाणारी वीज) दिलं की सेल भराभर उतरतात. माईकची वायर आणि स्टेजच्या लाइटची वायर शेजारी-शेजारी झोपवू नको, एकमेकींना आडवी ओलांडू दे.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितोय, घरात पियानो आहे म्हणून अधिकाराने. माईकवर एवढी चर्चा, पियानो लावून घेतलाय का कुणी?

शाळेचा पियानो म्हणजे बहुधा पावसाळाभर बंद हॉलमध्ये पडलेला. दमट हवेत आतलं लाकूड फुगतं आणि सूर चढतात, कोरडी हवा पडली की उतरतात. डिसेंबरात तुमच्याकडची हवा कोरडी, म्हणजे तो आत्ता उतरतोय. तारा दोनशेच्या वर असतात, त्यामुळे दोन तास धरा. लावणारा बहुधा चोर्ला घाट चढून इकडूनच येईल, त्याला शनिवारी सकाळी बोलवा आणि रविवारी दुपारी एकदा हात फिरवायला थांबवून घ्या. लावल्यानंतर पियानो जागचा हलवायचा नाही. पॅडल कुरकुरतं का तेही त्याला बघू दे. ओआरटीएफ, बीआरटीएफ काहीही लावा, कुरकुर येणारच.

तिसरं_गेट

हे डोक्यातच नव्हतं! फोन केला. पियानो शेवटचा कधी लावला हे शाळेत कुणालाच आठवत नाही.

कुंदाप्रेमी

मांडवीकाठ, घाट चढून येतोच आहे तर फणसाचे पापड आणायला सांगा.

पायपेटीवाला

पियानो लागला तरी माझा प्रश्न तसाच उभा आहे, म्हणून आकड्यांत मांडतो.

काळी चार षड्ज धरला, म्हणजे साधारण २०७.६ हर्ट्झ. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो गंधार त्याच्या सव्वापट, २५९.६. पियानोचा गंधार २६१.६. फरक सेंटमध्ये १४ (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट). दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला दोन हेलकावे. हॉलमध्ये कदाचित चालून जाईल, रेकॉर्डिंगमध्ये शांतपणे दहादा ऐकलं की टोचतं. पंचमाचं भांडण नाही, तिथे फरक जेमतेम २ सेंटचा.

आमच्या भागाला हे नवीन नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी शतकापूर्वी श्रुतींचा (सप्तकातल्या बारीक सुरांचा) हिशेब मांडला, त्यात अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा कामी आला, आणि त्यातूनच श्रुती हार्मोनियमचा खटाटोप झाला. पेटी काही तशी टिकली नाही. पण याच बेळगावात रामभाऊ विजापुऱ्यांनी साध्या पेटीवर अशी साथ केली की कुणाला श्रुतींची आठवण होऊ नये. कसं? नको तिथे ते वाजवतच नसत. मी समोर बसून ऐकलंय.

सानिका_धारवाड

पेटीकाका, उत्तर तुमच्याच शेवटच्या तीन वाक्यांत आहे की.

पायपेटीवाला

?

सानिका_धारवाड

पियानोवाल्या सरांना सांगा, नाट्यपदात गंधार वाजवूच नका. डाव्या हातात षड्ज-पंचम, फार तर वरचा षड्ज. गंधार गाणारीचा. आणि तुम्ही पियानोचा दोष म्हणून सांगितलात ना की सूर मरतो? तो मरतो म्हणूनच गाणाऱ्याला मोकळी जागा मिळते. पेटी सूर धरून ठेवते, तिथे पळायला वाव नाही. तानपुरा मात्र त्या तीन पदांना नको, नाहीतर तोच गंधार वाजवून दाखवेल.

पायपेटीवाला

हं.

विचार करतो.

निपाणी_एक्स्प्रेस

इतिहासात पहिल्यांदा.

मार्कंडेय

अवांतर: 'काळी चार' पियानोवर कसं जमणार, सगळं बदलावं लागेल ना? आमच्या आजोबांना वाटायचं पियानो फक्त पांढरी एकमध्ये असतो.

मांडवीकाठ

@मार्कंडेय, काळी चार म्हणजे त्यांचा ए फ्लॅट. पियानोवाल्यांची अगदी लाडकी पट्टी, हात छान बसतो.

तिसरं_गेट

(तीन आठवड्यांनी)

झालं एकदाचं. ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांसाठी सविस्तर.

शनिवारी सकाळी पियानो लावला. दोन नाही, साडेतीन तास लागले. मधल्या एका सुराची एक तार लावताना तुटली, ती त्यांनी बदलली आणि म्हणाले ही नवीन आहे, उतरत राहणार. आणि उतरत राहिली. रविवारी दोनदा हात फिरवावा लागला.

घोंगडी चार मिळाली, पूर्वेच्या खिडक्यांवर टांगली. टर्रर्र नव्वद टक्के गेला. शाळेच्या शिपाईमामांना वाटलं आम्ही मुक्कामाला आलोय.

दुपारी रिकाम्या हॉलमध्ये भाचीला वळवून बघितलं. सानिकाताई, तुमचंच खरं. ऐकायला आवाज स्वच्छ, पियानो दबलेला, सगळं पुस्तकासारखं, पण पोरगी घाबरल्यासारखी गात होती. दोन गाण्यांनंतर म्हणाली, मामा मी फळ्याला गाणं म्हणतेय असं वाटतंय. परत समोर वळवलं आणि जोडी वर चढवली. अडीच मीटरवर गळा थोडा लांब वाटला, म्हणून इंचाइंचाने पुढे सरकवत शेवटी एक मीटर नव्वदवर थांबलो. तिला एक पाऊल पुढे घेतलं, झाकण पूर्ण उघडंच ठेवलं. याला चाळीस मिनिटं गेली. रेकॉर्डिंगच्या दोन दिवसांतला सगळ्यात उपयोगी वेळ हाच.

झूमचा स्वतःचा माईक त्याच स्टँडच्या खाली बॅकअप म्हणून चालू ठेवला होता. दुसरा स्टँड घेतला होता काका, आणि पोरांनी तोच पाडला.

रविवार: दुसऱ्या जर्मन गाण्यात शेवटच्या ओळीआधी एक लांब शांतता आहे. बरोबर त्या शांततेत कॅम्पातलं बिगुल वाजलं. हॉल हसला, भाची हसली नाही, सरांचा हात वरच थांबला होता, बिगुल संपल्यावर खाली आला. ते गाणं शनिवारचंच पाठवावं लागणार. बाकीची रविवारची.

नाट्यपदांचं सांगायलाच हवं. सरांना सानिकाताईंचा निरोप दिला. ते आधी म्हणाले, गंधार काढला तर उरतं काय? मग एकदा वाजवून बघितलं, गप्प झाले, पेन मागून घेतलं आणि कागदावर खुणा केल्या. तिसऱ्या पदात एका जागी भाची गंधारावर सहा-सात सेकंद थांबली. पियानोचा सूर तोवर विरला होता. पहिल्या रांगेतले एक आजोबा मोठ्याने "आहाहा" म्हणाले. तेही रेकॉर्डिंगमध्ये आहे. काढणार नाही, काढताही येत नाही.

डेसिबल_काका

एक मीटर नव्वद! मी सांगितलेलं मोडलंत, छान केलंत. आता विद्यालयाला पाठवताना मूळ वेव्ह फाइल पाठवा, व्हॉट्सॲपवरून नाही. आवाज 'मोठा' करायला निपाणीकडे देऊ नका.

निपाणी_एक्स्प्रेस

बघा हां काका. (पण खरंच, हळू आणि जोरातला फरक आहे तसा ठेवा. यात मीही काकांबरोबर.)

खानापूरकर

लाइट गेली की नाही?

तिसरं_गेट

@खानापूरकर, गेली. मध्यंतरात. पॉवर बँकेवर होतो, कुणाला कळलंही नाही. कुंदा तुमच्या नावाने वाटला.

कुंदाप्रेमी

कुंदा वाटला आणि धाग्यावर आमंत्रण नाही. नोंद घेतली आहे.

पायपेटीवाला

ऐकलं. तुम्ही निरोपात पाठवलेलं तिसरं पद चार वेळा. दुसऱ्या पदात मध्यमावर दोन ठिकाणी अजून खटकतं, ते सरांना कळवा.

आणि त्यांनी पेनाने खुणा केलेला तो कागद कुणाकडे आहे? फोटो काढून पाठवता येईल का? पेटीवर बसवून बघतो.